सदऱ्याच्या टोकानं पुसलेला आरसा

मी आरसा बोलतोय. पण तोंड बघायचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही लगेच भांग सारखा करायला पुढे याल. तळहातावर मावेल एवढी गोल, जाड काच आणि तिच्या एका तोंडावर सोन्याचा पातळ मुलामा, असं माझं रूप. होतं, असं म्हणायला हवं. मधला मुलामा आता बराचसा गेलाय. तो कसा गेला, हेच सांगायला बसलोय.

माझं घराणं काही मोठं नाही. लोणंदच्या बाजारातलं एक मिठाईचं दुकान बंद पडलं, त्याच्या काउंटरची जाड काच भंगारात निघाली. पेढ्यांची ताटं आणि गिऱ्हाइकांची कोपरं पेलण्यात तिचा जन्म गेलेला. लालासाहेब नावाचे फौजेतून निवृत्त झालेले एक शेतकरी आहेत. त्यांनी तिचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन सांगलीला आणला. त्यांचे जुने दोस्त पीरमहंमद यांनी तो मागितला होता.

"पीरभाई, ह्ये घ्या. लय जाड हाय. हिच्यातनं चष्मा कुणाचा करताय? हत्तीचा?"

"चष्मा न्हाई, आरसा," पीरमहंमद म्हणाले. "माझ्या लेकीला पाठवायचाय."

पीरमहंमद चष्मेवाले. हळदीच्या पेठेच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन खुर्च्या, गिऱ्हाइकाचं एक स्टूल, काचेचं कपाट आणि मागं काचा घासायचं यंत्र. तरुणपणी त्यांनी हजारो काचा घासल्या. पुढं कारखान्यातून तयार काचा यायला लागल्या आणि त्यांच्याकडे त्या फ्रेममध्ये बसवायचं तेवढं काम उरलं. बंद यंत्रावर त्यांची बायको रहिमतबी फडकी वाळत घालायची.

एक रीत मात्र त्यांनी सोडली नव्हती. कुठलाही चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ते तो तोंडाजवळ नेत, काचेवर 'हाऽ' करून वाफ सोडत, सदऱ्याच्या टोकानं गोल गोल पुसत आणि म्हणत, "घ्या. आता दिसंल." त्यांचं म्हणणं असं, की दुकानातली फडकी नवी असतात, आणि धुऊन धुऊन विरलेल्या सदऱ्याइतकं मऊ जगात काही नाही. पेठेतले हमालसुद्धा हळदीनं माखलेला चष्मा घेऊन यायचे, नुसता पुसून घ्यायला. ते फुकटच असायचं.

आता लेकीबद्दल. नौशीन त्यांची एकुलती एक. इथंच शिकली, मग पुण्याला, मग युरोपातल्या एका शहराबाहेर. तिथं ती नेमकं काय करते हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं. एकदा पीरमहंमदांनी फोनवर सरळ विचारलं.

"अब्बा, इथं एक लय मोठं गोल कडं हाय," ती म्हणाली. "आपल्या अख्ख्या पेठेला वेढा घालील एवढं. त्याच्यात इलेक्ट्रॉनचे घोळके तासन् तास पळत असतात. पळता पळता उजेड टाकतात. पण घोळका लांब, म्हणून उजेडाचा झटकाही लांब. आमाला पाहिजे एकदम आखूड."

"मग?"

"मग आमी लेसरचा एक आखूड झटका त्या घोळक्याबरोबर सोडतो. दोघं मिळून चुंबकांच्या रांगेतनं जातात. तिथं लेसर घोळक्यातली एक पातळ चकती तेवढी हलवतो. त्या चकतीचा उजेड वेगळा काढला की झालं."

"काकडीची काढतो तशी?"

"तशीच. फकस्त लय पातळ. एका सेकंदाचे कोटी भाग करा. त्यातल्या एकाचे दहा लाख. त्यातला एक, एवढा तो उजेड टिकतो. तुमची पापणी एकदा लवते ना, त्याच्यात असले लाख कोटी मावतील."

 पीरमहंमदांनी अस्सल कारागिराचा प्रश्न विचारला. "एवढा आखूड उजेड खरंच निघाला, हे तुमाला कळतं कसं?"

नौशीनला तो प्रश्न फार आवडला. आमची प्रयोगशाळा बघायला येणारे पाहुणेसुद्धा हे विचारत नाहीत, म्हणाली. मग तिनं समजावलं. चकती हलली की घोळक्यात तिच्या जागी खाच पडते. त्या खाचेमुळे घोळका आणखी एक वेगळाच प्रकाश देतो, डोळ्यांना न दिसणारा. तो आला, की लेसर आणि घोळका अचूक वेळेला भेटले असं समजायचं. तो न दिसणारा प्रकाश वळवून, गोठवून थंडगार ठेवलेल्या एका मोजणीच्या डब्यात सोडायचा असतो. वळवायला एक छोटा आरसा लागतो, सपाट.

"सपाटच पाहिजे नव्हं?" पीरमहंमद म्हणाले. "मग मी करतो."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. तिनं माप कळवलं. त्या एका 'करतो'मुळे माझा जन्म झाला. आपल्या हातची एक वस्तू लेकीच्या त्या उजेडाच्या वाटेत उभी राहावी, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती. दुसरं काही त्यानं कधी मागितलं नाही.

त्या एका तुकड्यातून आम्ही तिघं भाऊ एकाच वेळी जन्मलो. दोन काचा एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट होते आणि दुसरी फुगीर. तीन काचा आळीपाळीनं घासल्या तर मात्र तिघींनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर नसतं. पीरमहंमदांनी यंत्रावरची फडकी काढली, पण यंत्र काही चाललं नाही. मग हातानंच घासलं. आधी कुरुंदाची भरड पूड आणि पाणी, मग बारीक पूड, मग पिठासारखी, शेवटी राळेच्या चकतीवर चकाकी आणणारं तांबूस पाणी. चार महिने. रहिमतबी जेवायला हाक मारून दमायची. "लेकीचं लगीन असतं तरी एवढं राबला नसता," म्हणायची. तिघांत मी सरस ठरलो. दुसरा भाऊ निसटून फुटला आणि तिसरा अजून रहिमतबीच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसलाय. त्याचं बरं चाललंय, एवढंच म्हणतो.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात माझ्यावर सोनं चढलं. लालासाहेबांनी स्वतः नेलं, स्वतः आणलं. आल्यावर म्हणाले, "पीरभाई, आमच्या पलटणीत हत्यारसुदिक एवढं चकचकीत नव्हतं." खरं सांगतो, मला भारी गर्व चढला. मिठाईवाल्याच्या काउंटरची काच आणि सोन्याचं तोंड! आपण आता कुणीतरी झालो, असं वाटायला लागलं.

पुढच्याच आठवड्यात नौशीन पंधरा दिवसांच्या रजेवर आली. दुकानात चार माणसं जमली. लेक आली म्हणून पीरमहंमद नवा सदरा घालून आले होते, रहिमतबीनं कडक कांजी केलेला. त्यांनी मला डबीतून काढलं, कडेला धरून उजेडात तिरकं केलं. नौशीन बघतच राहिली. "अब्बा, ह्ये तुमी हातानं केलं?" तिनं हात पुढे केला.

आणि तिच्या हातात देण्याआधी त्यांनी मला तोंडाजवळ नेलं.

हाऽ.

त्यांनी ठरवून काही केलं नाही. चाळीस वर्षं जे हात करत आले तेच त्यांनी केलं. नव्या सदऱ्याचं कांजी केलेलं टोक माझ्या तोंडावरून गोल गोल फिरलं. कोवळं सोनं ते, नखानंसुद्धा निघतं. एका फेरीत बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं उठलं.

"अब्बा! काय केलंत ह्ये?" नौशीन एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला. "त्याला हात लावायचा नसतो! कापड लावायचं नसतं! गेला ना सगळा वाया. चार महिने… आता मी तिथं काय सांगू?"

ती वाईट मुलगी नाही. नुकतीच त्या प्रयोगशाळेत लागली होती. तिथं पहिल्या दिवशी शिकवतात, की आरशाला स्पर्श करणं म्हणजे पाप. तो धाक तिच्या अंगात ताजा होता. पण चार माणसांत बापावर ओरडायचं ते ओरडून बसली.

पीरमहंमद म्हणाले, "सवय, बेटा. हाताची सवय हाय." आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

मी काय केलं असेल? मीही त्यांनाच बोल लावला. चार महिन्यांचा थाट एका फुंकरीत घालवला म्हणून मनातल्या मनात जळफळलो. त्यांच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा मला सुचलं नाही.

नौशीननं मला नेलं, पण नुसतं बापाचं मन राखायला. तिथं विकतचा आरसा बसला, आणि मी मेजाच्या तळच्या खणात गेलो. कपच्या उडालेली भिंगं, वाकडे खिळे, कुणाचा तरी तुटका पेन, अशी संगत. कड्यापासून पाच पावलांवर मी दोन वर्षं पडून राहिलो. खणाबाहेर दिवसभर काय चाललंय ते ऐकू यायचं. आज झटका भेटला, आज चुकला, आज पुन्हा जुळवा. मी अंधारात बसून म्हाताऱ्याला शिव्या देत होतो.

मग एके दिवशी दुपारी शेजारच्या गटानं विकतचा आरसा उसना नेला आणि वेळेवर परत केला नाही. कड्यावरची वेळ ठरलेली असते, ती वाया घालवता येत नाही. नौशीनच्या मार्गदर्शक बाईंनी खण उघडला आणि मला उचललं.

"हा आहे की."

"त्यावर ओरखडे आहेत," नौशीन म्हणाली.

बाईंनी मला उजेडात धरलं. "आज कोणता प्रकाश वळवायचा आहे?"

"खाचेचा. न दिसणारा."

"त्याची लाट किती लांब असते?"

नौशीन उत्तर द्यायला गेली आणि मध्येच थांबली. त्या प्रकाशाची लाट तीनचार केसांच्या जाडीइतकी लांब. माझे ओरखडे त्या मानानं इतके बारीक, की त्या प्रकाशाला ते दिसायचेच नाहीत. त्याच्या लेखी मी पहिल्या दिवसाइतकाच गुळगुळीत होतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या स्वतःच्या वहीत लिहिलेलं होतं. पण ओरडताना वही कोण उघडतं?

मला बसवलं. लेसर सुटला. सेकंदाला हजार वेळा घोळक्यातून ती चकती हलायला लागली, आणि खाचेचा तो प्रकाश माझ्या तोंडावर येऊन वळायला लागला. मला काही दिसलं नाही. ऊबसुद्धा लागली नाही. फक्त समोरच्या पडद्यावरची सपाट रेघ उडी मारून वर गेली आणि बाईंनी टाळी वाजवली.

"कुणी केला हा?"

"माझ्या वडिलांनी. सांगलीत. हातानं."

"मग त्यांना सांग. म्हणावं, चांगला झालाय."

नौशीन हो म्हणाली आणि चेहरा वळवून डोळे पुसत राहिली. मीही त्या दिवशी स्वतःला लाख दोष दिले. दोन वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्यानं माझं काहीच बिघडवलं नव्हतं.

आता इथं मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ते सांगतो. तो निरोप दोन शब्दांचा होता. नौशीननं त्याच संध्याकाळी फोन लावला, मी समोरच मेजावर होतो. "अब्बा, जेवलात? अम्मी बरी हाय?" इकडचं तिकडचं बोलली. मग निरोपापाशी येऊन अडली. सांगायचं म्हणजे आपण उगीच ओरडलो होतो हेही सांगावं लागणार. आणि फोनवर ते कसं सांगायचं? सुट्टीला जाऊ, आरसा त्यांच्या हातात देऊ, मग सांगू. असं तिनं स्वतःला समजावलं आणि फोन ठेवला. पुढं मोजणी आली, प्रबंध आला, सुट्टी दोनदा रद्द झाली. एक वर्ष गेलं.

त्या वर्षात इकडं काय झालं हे तिला कुणी कळवलं नाही. पीरमहंमद विसरायला लागले होते. आधी फ्रेमचे नंबर, मग गिऱ्हाइकांची नावं, मग जेवलो की नाही ते. रहिमतबी फोन त्यांच्या कानाला लावायची आणि ते म्हणायचे, "बरं हाय ना? बरं, बरं." नौशीनला वाटायचं, अब्बा अजून रागावलेत, म्हणून थोडकं बोलतात.

यंदा ती आली. मला रुमालात गुंडाळून आणलं होतं. दारातच रहिमतबीनं तिला सगळं सांगितलं.

"मला का कळवलं नाहीस, अम्मी?"

"तुझं शिक्षान संपत आलेलं. कशाला घोर लावायचा तुला?" रहिमतबी म्हणाली. मग पाण्याचा तांब्या तिच्या हातात देत म्हणाली, "एक सांगू? त्या दिसापासनं त्यांनी कुणाचा चष्मा पुसला न्हाई. गिऱ्हाइकापुढं फडकं ठेवायचे. तुमीच पुसा म्हणायचे. हात आपले मांडीखाली."

त्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात गेलो. दुकान आता चालत नाही, पण पीरमहंमदांना रोज तिथं आणून बसवावं लागतं, नाहीतर ते घरात कासावीस होतात. लालासाहेब दर आठवड्याला येऊन त्यांच्याशेजारी बसतात. त्या दिवशीही होते.

"आवं पीरभाई, बघा कोण आलंय."

पीरमहंमदांनी नौशीनकडे बघितलं आणि दुकानदाराचं हसू हसले. "या, बसा. नंबर किती तुमचा?"

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. तिनं रुमाल सोडला आणि मला पुढे धरलं. ती सगळं बोलली. अब्बा, तुमचा आरसा कड्यापाशी लावला. त्या उजेडाला ओरखडे दिसलेच न्हाईत. आमच्या बाई म्हणाल्या, चांगला झालाय. तुमची चूक नव्हती. माझी चूक होती, अब्बा.

पीरमहंमदांनी गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं सगळं नीट ऐकून घेतलं. "व्हय, व्हय," म्हणाले. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. तो निरोप आता कुणाला द्यायचा होता, त्याचा पत्ताच हरवला होता.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला तिच्या हातून घेतलं, कडेनं, बोटं तोंडाला न लावता. उजेडात तिरकं केलं. ओरखडे दिसल्यावर कपाळाला आठी पडली. "लय मळलंय," म्हणाले, आणि मला तोंडाजवळ नेलं.

हाऽ.

सदऱ्याचं टोक हातात आलं आणि हात मध्येच थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं, लालासाहेबांकडं बघितलं, समोरच्या अनोळखी पोरीकडं बघितलं. लेकीचं नाव विसरले होते, मला विसरले होते, ते चार महिने विसरले होते. पण ती ओरड तेवढी राहिली होती. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पुसू का? कुणी वरडायचं न्हाई ना?"

लालासाहेबांनी तोंड फिरवलं.

"पुसा," नौशीन म्हणाली. "कुणी न्हाई वरडत, अब्बा. पुसा तुमी."

त्यांनी पुसलं. गोल गोल, मन लावून, जुन्या विरलेल्या सदऱ्यानं. मग मला तिच्या हातात दिलं. "घ्या. आता दिसंल."

नौशीननं मला डोळ्यांसमोर धरलं. सोन्याच्या आरशातून काय दिसायचंय? "दिसतंय," ती म्हणाली. "लय चांगलं दिसतंय."

ती परत गेली तेव्हा मला घेऊन गेली नाही. बाईंना तिनं काय सांगितलं, कोण जाणे. मी इथंच आहे, पीरमहंमदांच्या समोरच्या कपाटावर. ते मला रोज पुसतात, दिवसातून दहादा. आता सोनं मधोमध गेलंय. त्या न दिसणाऱ्या प्रकाशाच्या कामाला मी आता उपयोगाचा नाही. एक दिवस मी पुन्हा नुसती काच होईन, पेढ्यांच्या काउंटरची. जिथलं सोनं गेलं तिथून पलीकडचा त्यांचा तळहात दिसतो.

तुम्ही कधी सांगलीला आलात, तर हळदीच्या पेठेच्या तोंडाशी थांबा. चष्मा असला तर काढून त्यांच्या हातात द्या. ते वाफ सोडतील, सदऱ्यानं पुसतील आणि परत देतील. तुमची काच आधीच स्वच्छ असेल, किंवा पुसून जास्तच डागाळेल, तरी दिसतंय म्हणा. आणि तिथल्या तिथं म्हणा. पुन्हा येऊन सांगू, असं मनात आणू नका.